मागची चाकं आधी सुटली

रमाकांत,

तू गेल्याला आज चौदा दिवस झाले. या चौदा दिवसांत माझ्या दुकानात मला कुणी चूक म्हटलेलं नाही. गिऱ्हाईक येतं, विचारतं, मी सांगतो, ते मान डोलावून निघून जातं. तू बाकड्यावर असतास तर पेपर गुडघ्यावर ठेवून म्हणाला असतास, "वसंता, नाय. परत नीट सांग त्याला."

दहाव्याला मला दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. मी नको म्हटलं. काय बोललो असतो? पेणच्या खाडीकाठचा, मिठागरावर वाढलेला, आधी गाडी चालवली, मग रोह्याला कंपनीत शिफ्ट केली, वरसेला घर बांधलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. ते तुझ्यापाशीच बोलायचं आहे.

मी पेणला एसटी स्टँडजवळच्या टायरच्या दुकानात कामाला होतो तेव्हापासून आपली ओळख. गणपतीच्या आधीचे दिवस. तू पेणच्या कारखान्यांतून मूर्ती घेऊन नागोठणे, रोहा अशा फेऱ्या मारायचास. तुझी ती पांढरी गाडी, मागच्या सीटवर घरातलं कुणीतरी मांडीवर मूर्ती घेऊन बसलेलं, आणि तू दर फेरीआधी चारही चाकांची हवा माझ्यासमोर मोजून घ्यायचास. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. तू म्हणायचास, माणसाला धक्का बसला तर तो शिवी देऊन मोकळा होतो, ओल्या रंगाचा देव काय बोलणार? लोक तुझ्याकडे नंबर लावायचे. रमाकांतची गाडी मिळाली नाही तर मूर्ती दुसऱ्या दिवशी आणू, असं म्हणणारी घरं मी पाहिली आहेत.

मग मी रोह्याला स्वतःचं दुकान टाकलं. तूही लग्न होऊन रोह्यालाच आलास. सुनंदावहिनी रोह्याजवळच्या वरसेच्या. पुढं बऱ्याच वर्षांनी एका श्रावणात तुझे पुढचे दोन टायर झिजून अगदी गोटा झाले होते. मागचे अर्धे झिजलेले, पण चालण्यासारखे. तुझ्या मापाचे टायर माझ्याकडे नव्हते आणि पनवेलहून यायला आठवडा लागणार होता. तुझ्या फेऱ्या तर दुसऱ्या दिवसापासून ठरलेल्या. माझ्याकडे एक जोडी होती, दुसऱ्या एका गाडीसाठी मागवलेली, चांगली रुंद, रिमसकट. बोल्टची भोकं जुळत होती. मी म्हटलं, हीच बसवू.

तू तेव्हा विचारलं होतंस, "पुढं लावायचे का मागं?"

हे तू विचारलं होतंस, रमाकांत. मला हा प्रश्न शब्दासकट आठवतो. आणि मी हसून म्हणालो, गाडी वळवायचं काम कोण करतं? पुढची चाकं. मग जास्त पकड कुठं हवी? तू थोडा वेळ चाकांकडे बघत राहिलास. मागं लावले तर काय होईल, असंही विचारलंस. मी म्हटलं, मागं शोभेला लावतात. तेव्हा तू म्हणालास, तू म्हणतोस तर लाव.

दोन दिवसांनी तू खूश होऊन आलास. गाडी नुसत्या इशाऱ्यावर वळते म्हणालास. स्टिअरिंग जरा जड झालंय, पण हात लावला की तोंड फिरवते. मी चहा पाजला. दोघांनाही वाटलं, काम छान झालं.

पाचव्या की सहाव्या दिवशी तू स्वतःच्या घरची मूर्ती आणायला गेलास. वहिनी मागच्या सीटवर, मांडीवर पाट, पाटावर मूर्ती. दुपारची वेळ. पाऊस पडून गेलेला आणि रस्त्यावरून पाण्याचे पाट वाहत होते. नागोठण्याहून निघून भिसे खिंड चढलात आणि रोह्याच्या बाजूला उतरताना एका वळणावर तू स्टिअरिंग फिरवलंस. पुढची चाकं आज्ञाधारकपणे वळली. मागची वळली नाहीत. ती सरळ घसरली. शेपूट बाहेर गेलं, तू ब्रेक दाबलास, जसा कुणीही दाबेल, आणि गाडी अर्धी गिरकी घेऊन दगडी कठड्यावर मागच्या बाजूनं आदळली.

तुला खरचटलंसुद्धा नाही. वहिनींनी मूर्तीला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं, त्यामुळे दाराचा सगळा मार डाव्या कोपरानं घेतला. मूर्ती तरीही भंगली. त्या वर्षी तुमच्या घरी सुपारीचा गणपती बसला आणि वहिनींचा हात प्लास्टरमध्ये होता. हाड सांधलं, पण तो कोपर पुन्हा कधी सरळ झाला नाही.

मी भेटायला आलो तेव्हा तू ओटीवर बसला होतास. मी काही विचारायच्या आत म्हणालास, "माझ्या हातातनं सुटली रे. एवढी वर्षं चालवली, आणि बायकोला घेऊन सुटली." मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, पावसात कुणाचीही सुटते. त्या दिवशी मला खरंच तेवढंच माहीत होतं. तो दिवस मी स्वतःला माफ करतो.

नंतरचे दिवस नाही करत.

तू गाडी दुरुस्त करून निडीच्या एका शेतकऱ्याला विकलीस, गाडी चालवणंच सोडलंस आणि कंपनीत लागलास. दिवाळीनंतर टायर कंपनीनं आम्हा दुकानदारांना पनवेलला प्रशिक्षणासाठी बोलावलं होतं. शिकवणारे साहेब टेबलावर खेळण्यातली गाडी घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, दोनच चांगले टायर असतील तर कुठं लावाल? आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, पुढं. ते म्हणाले, इथंच माणसं मरतात.

मग त्यांनी जे समजावलं ते मी पुढं हजार गिऱ्हाइकांना सांगितलं. पुढच्या आणि मागच्या चाकांची पकड सारखी नसेल तर जी कमजोर असतात ती आधी सुटतात. मागं रुंद आणि पुढं अरुंद असेल तर वळणावर गाडी वळायला कंटाळा करते, नाक सरळ धावतं. ते वाईटच, पण ते ड्रायव्हरला हातात कळतं, तो पाय उचलतो, वेग उतरतो, बहुतेक वेळा गाडी परत ऐकते. पुढं रुंद आणि मागं अरुंद, त्यातून मागचे झिजलेले असले, तर कोरड्या रस्त्यावर गाडी फार शहाणी वाटते. ओल्या वळणावर मात्र पुढची चाकं पकडून ठेवतात आणि मागची निसटतात. स्टिअरिंग हातात काहीच सांगत नाही. कळतं तेव्हा गाडी फिरलेली असते. चांगला ड्रायव्हरही तिथं फारसं काही करू शकत नाही.

त्या दुपारी मी जेवलो नाही. परत येताना रेल्वे निडी स्टेशनात थांबली तेव्हा मी तिथंच उतरलो, तुझी गाडी घेतलेल्या शेतकऱ्याचं घर शोधलं आणि त्याला सगळं खरं सांगितलं. माझ्या हातून चुकीचे टायर लागलेत, याने अपघात झालाय, उद्या गाडी घेऊन ये, चारही चाकं एका मापाची करून देतो. तो माणूस आला, मी करून दिली. परक्या माणसाला मी एका संध्याकाळी सांगू शकलो. तुला सांगायला मला सोळा वर्षं लागली.

का, म्हणून तू नंतर विचारलंस. मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. आता देतो. आधी वाटलं, जखम ओली आहे, थोडं थांबू. मग तू कंपनीत रुळलास, तेव्हा वाटलं, आता उकरून काय मिळणार? मग तू शिफ्ट सुटल्यावर रोज दुकानात येऊन बसायला लागलास, आणि मला भीती वाटायला लागली की सांगितलं तर बाकडं रिकामं होईल. रोज थोडं थोडं करून सोळा वर्षं झाली. वहिनी सणासुदीला घरी बोलवायच्या, ताट पुढं करताना डाव्या कोपरामुळे ते त्यांना तिरकं धरावं लागायचं, आणि मी ते पटकन घ्यायचो. त्यांना वाटायचं, भावजींना मोठी भूक लागलेली असते.

तू निवृत्त झालास त्या हिवाळ्यातली गोष्ट. दुकानात एक ओळखीचे गृहस्थ आले होते, त्यांना नागोठण्यापर्यंत कुणीतरी गाडी चालवणारा हवा होता. मी तुझ्याकडे पाहिलं. तू हसत म्हणालास, मी नाय चालवत, माझ्या हातातनं एकदा सुटलीय. हे वाक्य तू आधीही कितीदा बोलला होतास. त्या दिवशी वहिनी वालाच्या शेंगा घेऊन आल्या होत्या, माझ्या गावाकडच्या वालांची बरोबरी होते का ते मला चाखवायला. त्यांनी ते वाक्य ऐकलं आणि तुझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते गृहस्थ गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तुम्हा दोघांना सगळं सांगून टाकलं.

तू विश्वासच ठेवला नाहीस. उगाच माझं ओझं हलकं करू नकोस म्हणालास. "वेग माझा होता, ब्रेक मी दाबला." मी टेबलावर पुढची-मागची चाकं म्हणून दोन डब्या ठेवून समजावलं, तू डब्या बाजूला सारल्यास. शेवटी वहिनी म्हणाल्या, बोलून काय होतंय? करून बघा.

जागा तूच सांगितलीस. तुझ्या गावचं बंद पडलेलं मिठागर. सपाट, चोपून घट्ट केलेली जमीन, आडवं यायला झाड नाही की खांब नाही. लहानपणी तिथं ओल्यावर घसरत खेळायचास. आपण खाडीचं पाणी सोडून ती जमीन भिजवली. माझी जुनी गाडी नेली होती आणि रुंद टायरची एक जोडी. आधी ती मी मागं लावली. तू स्टिअरिंगवर बसलास. सोळा वर्षांनी. मी बाजूच्या सीटवर बसलो. तू वळवलंस, गाडीचं नाक हट्टी बैलासारखं सरळच निघालं. तू पाय उचललास, गाडी वळली.

मग मी चाकं बदलली. रुंद पुढं, अरुंद मागं. तेवढाच वेग, तेवढंच वळण. वेगाचा काटा मी बघत होतो. गाडीनं सुरुवातीला किती छान तोंड फिरवलं, आणि मग मागून कुणी ढकलावं तशी ती फिरली. आपण आलो त्या दिशेला तोंड करून उभे राहिलो. चिखलात आपल्याच चाकांचे गोल उमटले होते. तू म्हणालास, परत. तिला धरायचं कसं ते सापडेपर्यंत तू चार वेळा ते केलंस. चौथ्या वेळी तू ब्रेकवर पाय न देता उलटं स्टिअरिंग मारून तिला अर्ध्यावर धरलंस. एवढं मोठं मैदान, एवढा कमी वेग आणि काय होणार ते आधीच ठाऊक, तेव्हा कुठं ते जमलं. खिंडीत यातलं काहीच नव्हतं.

तू इंजिन बंद केलंस. हात स्टिअरिंगवरच होते.

"म्हंजे माझा हात नव्हता," तू म्हणालास.

मी म्हटलं, नव्हता. बांधावर उभ्या असलेल्या वहिनी तेव्हा साडी वर धरून चिखलातून चालत आल्या आणि मागचं दार उघडून बसल्या. तुला म्हणाल्या, "आता मला फिरवा."

तू म्हणालास, "उतर गो. ही चाकं नीट लावू देत आधी."

"लावा. मी बसलेय."

मी चाकं बदलली तरी त्या उतरल्या नाहीत. वहिनींसकट जॅक लावायला मला किती घाम फुटला ते तू पाहिलंस. मग मी बाहेर उभा राहिलो आणि तू त्यांना घेऊन त्या मैदानात फेऱ्या मारल्यास. पहिली फेरी चालत्या माणसाच्या वेगानं. नंतर वेग वाढला. लांबून मला वहिनींचं डोकं खिडकीतून दिसत होतं. तुमच्यात काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही, आणि कळायची गरजही नाही.

तू परत आलास, उतरलास आणि मग तुझा चेहरा बदलला. आधी तुला स्वतःची सुटका दिसली होती, आता मी दिसलो.

"पनवेलला कधी गेला होतास तू?"

मी सांगितलं. त्याच वर्षी. दिवाळीनंतर.

"सोळा वर्षं मी हिचा हात बघत होतो, वसंता. तूपण बघत होतास." एवढंच बोललास. आवाजही चढवला नाहीस. चढवला असतास तर बरं झालं असतं. वाटेत वडखळला मी चहाला थांबूया म्हटलं, तू नको म्हणून मान हलवलीस. वरसेला उतरून दार हळूच लावलंस.

त्यानंतर तू दुकानात आला नाहीस. उन्हाळा गेला, पाऊस आला. बाकड्यावर मी कुणाला बसू दिलं नाही, म्हणून माझी बायको माझ्यावर चिडली. बाजारात एकदा तू समोरून आलास आणि मासेवालीशी बोलायला थांबलास. मी समजलो. माझी बाजू घ्यावी असं तिथं काही नव्हतं.

मग गणपतीच्या आठ दिवस आधी तू दुकानाच्या पायरीवर उभा. चपला न काढता, आत न येता.

"गाडी दे. पेणहून मूर्ती आणायचीय."

मी किल्ली पुढं केली. तू घेतली नाहीस. म्हणालास, मूर्ती मांडीवर घ्यायला माणूस हवा, हिच्या हातानं एवढा वेळ धरता येणार नाय. तेव्हा मी शटर ओढून तुझ्याबरोबर निघालो. परतीला सगळी वाट मी देव मांडीवर घेऊन बसलो आणि तू पुढून मला टायरमधल्या हवेवरून बोलत होतास. मागची थोडी कमी ठेवायला हवी होती, मागच्या माणसाला हादरे बसतात. मी म्हटलं, हवा चारही चाकांची सांगितली तेवढीच ठेवायची. तू म्हणालास, तू सांगितलेलं मी एकदा ऐकलंय. हे बोलून तू आरशातून माझ्याकडे पाहिलंस. मला वाटतं तू हसत होतास. नक्की सांगता येत नाही, मूर्तीचा मुकुट आड येत होता.

दुसऱ्या दिवसापासून बाकडं भरलं. पण वाद मिटला नाही. तुझं म्हणणं, "टायर तुझे, वेग माझा, म्हणून चूक अर्धी अर्धी." माझं म्हणणं, तो वेग रोजचा होता, त्या वेगात तू शेकडो वेळा उतरला होतास, चूक माझी. गेल्या महिन्यात मी चिडून म्हणालो, सगळी माझ्यावर टाकायला तुला काय होतंय? तू पेपर मिटलास आणि म्हणालास, "सगळी तुला दिली तर मी त्या गाडीत नुसता बसलेला माणूस होतो का रे? मी चालवत होतो. तेवढं तरी माझं राहू दे."

त्यावर मी उद्या सांगतो म्हटलं, आणि मग गिऱ्हाईक आलं.

तू गेलास तो सोमवार होता. सकाळी न्हाणीघरातून येऊन खुर्चीत बसलास आणि वहिनी चहा घेऊन येईपर्यंत संपलं होतं. मी पोचलो तेव्हा तो कप तसाच होता, साय धरलेला. माफ केलंस का, हे मी तुला कधी विचारलं नाही. दोन गणपती गेले, विचारता आलं असतं. तू काही तरी वाकडं बोलशील आणि मी ते खरं धरून बसेन, अशी भीती होती.

दहावं झाल्यावर सगळे पांगले तेव्हा मी वहिनींना विचारलं. तुझ्याबद्दलही आणि त्यांच्याबद्दलही. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "हे रोज तुमच्याकडे यायचे ना? मी कधी अडवलं का?" मी नाही म्हटलं. "मग झालं तर. माझा हात दुखतो, भावजी. थंडीत जास्त दुखतो. तुम्ही सांगितलंत म्हणून तो दुखायचा थांबला नाही. पण हे झोपायला लागले."

थोड्या वेळानं सूप बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, गाडी शिकवाल का? तू शिकवणार होतास म्हणे, पाऊस संपला की. मला यातलं काही बोलला नव्हतास. मी त्यांच्या कोपराकडे पाहिलं असणार, कारण त्या लगेच म्हणाल्या, गिअर जवळच असतो, तिथवर पोचतो हा.

आज सकाळी पहिला दिवस होता. वरसेच्या मैदानात माझ्या गाडीचं इंजिन तीन वेळा बंद पडलं. चौथ्या वेळी गाडी निघाली आणि अर्ध्या तासानं त्यांनी आपणहून रस्त्यावर घेतली. मी नको म्हणत होतो. पहिल्याच वळणाला त्यांनी वेग इतका कमी केला की शेजारून चालणारी बाई आमच्या पुढं गेली. मागं रिक्षा होती. रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला, थांबेचना. मी काच खाली करून त्याला हात दाखवणार होतो.

वहिनींनी समोरून नजर काढली नाही. म्हणाल्या, "वाजवू दे."

आणि वळण पूर्ण होईपर्यंत त्यांनी गाडी त्याच चालीनं नेली.